कोळशातील धातू : एका प्रश्नाचे राहिलेले उत्तर



गेल्या हिवाळ्यात नववीच्या वर्गात आम्ही इंधनांचा पाठ घेत होतो. एका विद्यार्थिनीचे मामा सिंगरौलीच्या कोळसा खाणीत नोकरीला आहेत. दिवाळीला येताना त्यांनी भाचीसाठी कोळशाचा एक खडा आणि विजेच्या कारखान्यातील राखेची एक पुडी आणली होती. ती दोन्ही घेऊन ती आमच्या टेबलाशी आली आणि म्हणाली, "सर, आमच्या आजीच्या चुलीत एवढी लाकडे जळतात आणि राख मूठभर निघते. कोळसाही झाडाचाच ना? मग त्याची राख इतकी कशी? आणि मामा म्हणतात की राखेत धातू असतात. ते धातू झाडात होते का?"

आम्ही सांगितले, "अगं, झाडे दलदलीत पडली तेव्हा त्यांत माती मिसळली. तीच ही राख." तेवढ्यात तास संपल्याची घंटा झाली आणि आम्हाला सुटल्यासारखे वाटले. पुढे चाचणी परीक्षेत हाच प्रश्न आला, तिने आमचेच वाक्य लिहिले आणि आम्ही पूर्ण गुण दिले. गुण देताना मात्र मनात पाल चुकचुकली. तिने दोन प्रश्न विचारले होते आणि आम्ही एकाचेच उत्तर दिले होते. धातूंचा प्रश्न तसाच राहिला होता.

शिक्षकाने अर्धे उत्तर दिले की विद्यार्थी ते पूर्ण समजून आयुष्यभर बाळगतो. म्हणून मेच्या सुटीत आम्ही हा विषय नीट वाचून काढला. ती विद्यार्थिनी आता दहावीत आहे. हा लेख आधी तिच्यासाठी आणि मग तुम्हा सर्वांसाठी.

एक छोटी अडचण आधीच सांगतो. आमचे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. आम्ही 'कार्बनिक पदार्थ' शिकलो, मराठीत त्याला 'सेंद्रिय पदार्थ' म्हणतात. आम्ही 'अम्ल' म्हणत आलो, मराठी पुस्तकात 'आम्ल' असते. लेखात कुठे आमची जुनी सवय डोकावली तर मराठीच्या बाईंनी रागावू नये.

कोळसा होतो कसा

झाड जंगलात पडले तर हवेतला ऑक्सिजन, बुरशी आणि जीवाणू मिळून काही वर्षांत त्याचा फडशा पाडतात. तेच झाड साचलेल्या पाण्यात पडले तर तिथे हवा पोहोचत नाही आणि कुजणे अर्धवट राहते. लाकडातील सेल्युलोज लवकर संपते, पण लिग्निन नावाचा चिवट भाग टिकून राहतो. हळूहळू त्याचा तपकिरी, भुसभुशीत, पाण्याने भिजलेला थर साचतो. त्याला पीट म्हणतात. ताज्या पीटमध्ये दहा भागांपैकी सुमारे नऊ भाग पाणीच असते.

या पीटवर गाळाचे थर चढतात, ते खोल दबते, तापते. मग त्याचा लिग्नाइट, म्हणजे तपकिरी कोळसा, होतो. आणखी दाब आणि उष्णता मिळाली की बिट्युमिनस, म्हणजे आपला नेहमीचा काळा कोळसा, आणि अखेर अँथ्रासाइट होतो. पाणी व राख वगळून मोजले तर लिग्नाइटमध्ये कार्बन साधारण ६५ ते ७० टक्के, बिट्युमिनस कोळशात सुमारे ८० ते ९० टक्के आणि अँथ्रासाइटमध्ये ९२ टक्क्यांच्या वर असतो. कार्बन वाढत जातो आणि ऑक्सिजन घटत जातो. ही ऑक्सिजनची गोष्ट लक्षात ठेवा, धातूंचे सगळे नाटक तिच्यावरच उभे आहे.

सिंगरौली, उमरिया, छिंदवाड्याकडील पेंच-कन्हान खोरे, छत्तीसगडातील कोरबा आणि महाराष्ट्रातील चंद्रपूर-वणीचे वर्धा खोरे, हे सगळे कोळसे गोंडवन काळातील, म्हणजे सुमारे २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. 'गोंडवन' हे जगभर चालणारे शास्त्रीय नाव आपल्याच मध्य प्रदेशातील गोंडांच्या प्रदेशावरून पडले, हेही मुलांना ठाऊक असावे. तमिळनाडूतील नेवेली आणि कच्छातील पानंध्रो येथील लिग्नाइट त्या मानाने पुष्कळ तरुण आहे.

धातू कोळशात येण्याच्या तीन वाटा

पहिली वाट मातीची. नदीला पूर आला की ती दलदलीत चिकणमाती आणि वाळू आणून टाकते. चिकणमातीत ॲल्युमिनियम, पोटॅशियम, लोह असते, वाळूत सिलिकॉन असते. हे कण पीटमध्ये बसतात, पण पीटशी त्यांचे काही नाते जुळत नाही. तांदळात खडे असावेत तसे ते असतात.

दुसरी वाट गंधकाची. समुद्राजवळच्या दलदलीत पाण्यातील सल्फेटपासून काही जीवाणू हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. त्याची लोहाशी गाठ पडली की पायराइट हे सोनेरी चमकीचे खनिज बनते. अनेक कोळशांत आर्सेनिक आणि पाऱ्याचा बराच भाग या पायराइटच्या आश्रयाने राहतो.

तिसरी वाट सर्वांत शांत, आणि आम्ही वर्गात जी सांगितली नाही ती हीच. पाण्यात विरघळलेले धातू पीटमधून जाता जाता थेट सेंद्रिय पदार्थालाच बांधले जातात. तिथे वेगळा खडा नसतो, कण नसतो. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तरी काही दिसत नाही. धातूचा एकेक आयन कोळशाच्या रेणूलाच चिकटलेला असतो.

सुक्या लाकडात राख शंभरात साधारण एकच भाग असते. आपल्या गोंडवन कोळशात ती बहुधा ३० ते ४५ भाग निघते. हा मोठा फरक पहिल्या वाटेने, म्हणजे नदीच्या गाळाने पडतो. तेव्हा आमचे उत्तर राखेच्या ढिगापुरते बरोबर होते. पण त्या ढिगातील कित्येक धातू तिसऱ्या वाटेने आलेले असतात, ते त्यात बसत नव्हते.

चिंच, आवळा आणि पितळेचे भांडे

ही तिसरी वाट समजायला प्रयोगशाळेत जायची गरज नाही, स्वयंपाकघरात चला.

देवाची पितळेची उपकरणी आई चिंचेने घासते आणि काळा थर निघून जातो. चिंचेत टार्टारिक आम्ल असते. त्याच्या रेणूला 'कार्बॉक्सिल' नावाचे दोन गट असतात. अशा गटात एक कार्बन, दोन ऑक्सिजन आणि एक हायड्रोजन असतो. हा हायड्रोजन सैल असतो. तो सुटला की त्याच्या जागी धातूचा आयन बसू शकतो. चिंचेने थरातील तांबे असे धरले, पाण्याने धुऊन नेले आणि भांडे उजळले. बिनकल्हईच्या पितळी भांड्यात ताक किंवा आमटी ठेवली तर ती कळकते, त्यामागेही हेच कारण आहे. आंबट पदार्थातील आम्ले भांड्यातील तांबे ओढून घेतात. कल्हईवाला कथलाचा थर देतो तो याच ओढाओढीला अडसर म्हणून.

आता आवळा. लोखंडी कढईत आवळा शिजवला की काळाभोर होतो. आवळ्यातील टॅनिनमध्ये 'फिनॉल' प्रकारचे गट असतात. शेजारी शेजारी असलेले असे दोन गट लोहाला दोन्हीकडून पकडतात आणि त्या जोडीचा रंग काळा असतो. हिरडा आणि हिराकस यांची काळी शाई होते तीही याच पकडीमुळे. अशा दुहेरी पकडीला शास्त्रात 'कीलेट' म्हणतात. खेकड्याच्या नांगीसाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून हे नाव आले. एका बोटाने धरलेली वस्तू सहज सुटते, चिमटीत धरलेली सुटत नाही, तसेच हे.

लाकडातील लिग्निन अर्धवट कुजते तेव्हा त्यापासून ह्युमिक आम्ल नावाचे मोठमोठे रेणू बनतात. त्यांच्या अंगावर कार्बॉक्सिलही असतात आणि फिनॉलही. म्हणजे एकाच अंगावर चिंचही आहे आणि आवळाही. पीटचा थर हा अशा असंख्य हातांचा ढीग असतो. भोवतीच्या डोंगरातून, खडकातून झिरपणारे पाणी आपल्यासोबत थोडे कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह, तांबे, जस्त घेऊन येते. पीट हायड्रोजन सोडते आणि धातू धरते. कॅल्शियमवर दोन धन विद्युतभार असतात, म्हणून त्याला बहुधा दोन हात लागतात. सोडियमला एक पुरतो.

अदलाबदल आणि आवडनिवड

मातीत अशी अदलाबदल होते हे इंग्लंडमध्ये एच. एस. थॉम्पसन आणि जे. टी. वे यांनी दाखवले. त्यांचे निबंध १८५० मध्ये प्रसिद्ध झाले. मातीच्या थरातून अमोनियम सल्फेटचे पाणी ओतले तर खाली अमोनियम येत नाही, कॅल्शियम सल्फेट येते. मातीने अमोनियम ठेवून घेतले आणि आपल्याजवळचे कॅल्शियम सोडले. आपल्या माळव्याच्या काळ्या जमिनीत खत टिकते त्यामागेही या देवाणघेवाणीचा मोठा हात आहे. पीट हेच काम करते, आणि वजनाच्या मानाने फार जोरात करते.

पण पीटचे प्रेम सर्वांवर सारखे नसते. सोडियमला ते सैल धरते, कॅल्शियमला जरा घट्ट, तांब्याला फारच घट्ट. अशा जोड्यांमध्ये मँगनीजपासून लोह, कोबाल्ट, निकेल आणि तांब्यापर्यंत पकड वाढत जाते आणि जस्ताला पुन्हा कमी होते, हा क्रम आयर्विंग आणि विल्यम्स या रसायनशास्त्रज्ञांनी १९४८ मध्ये मांडला आणि १९५३ मध्ये सविस्तर प्रसिद्ध केला. आज तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

याचा पुरावा शेतकऱ्यांनी फार पूर्वी सोसला होता. युरोपात दलदली उपसून शेती सुरू केली तेव्हा अशा काही जमिनींत पीक पिवळे पडे, कणसे भरत नसत, गुरे रोडावत. पुढे कळले की जमिनीतील तांबे पीटने इतके घट्ट धरले होते की मुळांना ते मिळतच नव्हते. थोडा मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, टाकला की पीक सुधारत असे. ताटात वाढलेले आहे, पण खाता येत नाही, अशी ती अवस्था होती.

याच्या उलट गोष्ट वेल्समधील आहे. तिथे डोंगरातील तांब्याच्या खडकांतून झिरपणारे पाणी एका दलदलीत उतरत असे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लोकांनी तेथील पीट कापून भट्टीत जाळले आणि त्या राखेतून तांबे काढले. झाडाच्या कुजक्या अवशेषांतून तांबे! तिथली झाडे काही तांब्याची नव्हती. पाण्याने आणलेले तांबे पीटने वर्षानुवर्षे साठवून ठेवले होते.

जर्मेनियमची गोष्ट

आता एका शोधाची गोष्ट. मेंडेलिव्ह या रशियन शास्त्रज्ञाने आवर्तसारणीत काही घरे रिकामी ठेवली होती. सिलिकॉनच्या खालच्या घरात येणाऱ्या मूलद्रव्याचा अणुभार सुमारे ७२ असेल, असे त्याने १८७१ मध्ये सांगितले. १८८६ मध्ये जर्मनीत क्लेमेन्स विंक्लर यांना ते मूलद्रव्य सापडले. त्याचा अणुभार ७२.६ निघाला. तेच जर्मेनियम.

हे मूलद्रव्य पृथ्वीवर फार विखुरलेले आहे. त्याची मोठी स्वतंत्र खाण सहसा मिळत नाही. १९३०च्या दशकाच्या आरंभी गोल्डश्मिट या भूरसायनशास्त्रज्ञाला ते अनपेक्षित ठिकाणी भरपूर सापडले, कोळशाच्या राखेत! त्याने विचार केला : झाडाची मुळे खोलवरून मूलद्रव्ये शोषतात, ती पानांत येतात, पाने गळून कुजतात, बाकीचे निघून जाते आणि ही मूलद्रव्ये वरच्या थरात साठत राहतात. कल्पना सुंदर होती, आणि जंगलातील मातीबाबत ती लागूही पडते.

मात्र १९३६ मध्ये सोव्हिएत संशोधक झिल्बरमिंट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक वेगळी गोष्ट नोंदवली. कोळशाच्या थरात जर्मेनियम सगळीकडे सारखे नसते. थराच्या अगदी वरच्या आणि अगदी खालच्या कडेला ते जास्त असते, मध्यभागी कमी. विद्यार्थ्यांनो, इथे क्षणभर थांबा. जर्मेनियम झाडांनीच आणले असते तर ते थरभर कमीअधिक सारखे पसरले असते. कडांना जास्त आहे, याचा अर्थ ते बाहेरून पाण्याबरोबर आले आणि पहिल्याच दारात अडवले गेले. गाळणीत चहापत्ती अडते तसे. एका साध्या मोजमापाने एका मोठ्या शास्त्रज्ञाच्या कल्पनेला मर्यादा घातली. विज्ञान असेच पुढे जाते, आणि त्यात कुणाचा अपमान नसतो.

चीनच्या युन्नान प्रांतातील लिनचांग येथे याचे ठळक उदाहरण आहे. तिथे लिग्नाइटच्या खाली व भोवती ग्रॅनाइट खडक आहे. त्यातून गरम पाणी जर्मेनियम घेऊन निघाले आणि पीटने ते धरले. सर्वसाधारण कोळशात टनामागे दोन-तीन ग्रॅम जर्मेनियम असते, तिथल्या समृद्ध थरांत टनामागे काही शे ग्रॅम मिळते. तिथे तो कोळसा जाळतात, उष्णतेने जर्मेनियम वायुरूपात वर जाऊन बारीक राखेवर बसते आणि मग त्या राखेतून ते वेगळे करतात. अमेरिकेतील डाकोटा भागात १९६०च्या दशकात लिग्नाइट जाळून त्याच्या राखेतून युरेनियम काढले गेले. तिथेही वरच्या ज्वालामुखी राखेच्या खडकांतून झिरपलेल्या पाण्याने युरेनियम आणले होते.

जमिनीखाली गेल्यावर

पीटमध्ये बांधले गेलेले धातू कायमचे तिथेच राहतात का? नाही. खोल गेले की उष्णता वाढते, दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंश. मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेली ऑक्सिजनची गोष्ट इथे कामाला येते. तापल्यावर कार्बॉक्सिल गट तुटतात आणि कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातात. ज्या हातांनी धातू धरला होता तो हातच गळून पडतो.

मग त्या धातूचे काय होते? काही धातू पिळून निघणाऱ्या पाण्याबरोबर बाहेर जातो. काही कार्बोनेटशी जुळून खनिज होतो : कॅल्शियमचे कॅल्साइट, लोहाचे सिडेराइट. कोळशाच्या भेगांत पांढऱ्या पातळ कपच्या दिसतात त्या बहुधा कॅल्साइटच्या. ते सगळेच कॅल्शियम असे सुटून आलेले नसते, बाहेरचे पाणीही ते आणते, पण काही भाग या जुन्या पकडीतून सुटलेला असतो. म्हणून लिग्नाइटमध्ये सेंद्रिय भागाला बांधलेले धातू भरपूर असतात आणि काळ्या कोळशात ते पुष्कळ कमी होतात.

काही पकडी मात्र फार चिवट असतात. हिरव्या पानातील क्लोरोफिलच्या रेणूत मध्यभागी मॅग्नेशियम असते, भोवती चार नायट्रोजनचे कडे. पान कुजताना मॅग्नेशियम निघून जाते, पण कड्याचा सांगाडा टिकू शकतो आणि रिकाम्या जागी दुसरा धातू येऊन बसतो. १९३४ मध्ये आल्फ्रेड ट्राइब्स या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने तेल देणाऱ्या शेल खडकात असे व्हॅनेडियम बसलेले कडे शोधले. १९८० मध्ये बिट्युमिनस कोळशात गॅलियम बसलेली कडी सापडल्याचे प्रसिद्ध झाले. म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या जिवंत पेशींतील सांगाडा अजून शाबूत, फक्त आत राहणारा बदललेला. जुन्या वाड्यात नवे बिऱ्हाड यावे तसे.

हे कळते कसे

डोळ्यांना दिसत नाही, मग धातू सेंद्रिय भागाला बांधलेला आहे हे कशावरून? यासाठी दोन साध्या युक्त्या वापरतात.

पहिली पाखडण्याची. कोळशाची पूड विशिष्ट घनतेच्या द्रवात टाकतात. शुद्ध कोळसा हलका, तो तरंगतो. माती आणि पायराइट जड, ते बुडतात. जो धातू तरंगणाऱ्या भागात जास्त मिळतो तो बहुधा सेंद्रिय भागाशी जुळलेला असतो. जर्मेनियम असे वागते.

दुसरी अदलाबदलीची. लिग्नाइटची पूड अमोनियम ॲसिटेटच्या द्रावणात ढवळतात. सैल बांधलेले सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम अमोनियमला जागा देऊन द्रावणात उतरतात. जे उरते ते सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात धुतात, तेव्हा घट्ट पकडीतील बरेच धातू सुटतात, पण कार्बोनेट खनिजेही विरघळतात, म्हणून हिशेब जपून करावा लागतो. १८५० सालच्या मातीच्या प्रयोगाचीच ही नातवंडे आहेत.

याचे आपल्याला काय?

पालकांपैकी कुणी विचारील, हे सगळे ठीक, पण मुलांना याचा उपयोग काय? उपयोग बराच आहे.

कोळसा धुतला की राख कमी होते, असे आपण ऐकतो. धुण्याने माती आणि जड खनिजे काही प्रमाणात निघतात. कोळशाच्या रेणूलाच बांधलेला धातू धुऊन निघत नाही, तो भट्टीत जातोच. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातील तपकिरी कोळशात राख फार कमी, पण त्यातील सोडियम सेंद्रिय भागाला बांधलेले असते. जळताना ते वाफ होऊन उडते आणि बॉयलरच्या नळ्यांवर चिकट थर करते. म्हणजे राख किती, एवढे विचारून भागत नाही. धातू कोणत्या रूपात आहे, हेही विचारावे लागते.

राखेचेही तसेच. जळताना उडालेले धातू थंड झाल्यावर अतिबारीक राखेच्या पृष्ठभागावर बसतात. अशी राख पाण्यात राहिली तर त्यातील काही भाग पाण्यात उतरू शकतो. म्हणूनच राखेचे तलाव पक्के बांधणे, पाणी तपासणे आणि राखेचा सिमेंट-विटांत उपयोग करणे यांना महत्त्व आहे. एप्रिल २०२० मध्ये सिंगरौली भागात राखेचा बांध फुटला, शेतात राख पसरली आणि माणसे दगावली. तिथल्या आईवडिलांना राखेत काय आहे हे विचारण्याचा पूर्ण हक्क आहे, आणि उत्तर देणारी माणसे शाळांतूनच तयार व्हायची आहेत.

दुसरी बाजू संधीची आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून चीनने गॅलियम आणि जर्मेनियम यांच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले. रात्री पाहणाऱ्या कॅमेऱ्याची भिंगे आणि प्रकाशतंतू यांना जर्मेनियम लागते. भारत सरकारने २०२३ मध्येच ३० महत्त्वाच्या खनिजांची यादी जाहीर केली, तीत ही दोन्ही आहेत. ज्या राखेला आपण कचरा म्हणतो तिच्याकडे शास्त्रज्ञ आता वेगळ्या नजरेने पाहतात. सर्वच राखेत मोठा खजिना नसतो, हेही तितकेच खरे. कुठे आहे हे शोधायला आधी तो कसा साठला हे कळावे लागते.

करून पाहा

१. एका काचेच्या पेल्यात व्हिनेगर घेऊन त्यात लोखंडी काथ्याचा तुकडा एक दिवस बुडवून ठेवा. दुसऱ्या दिवशी कोऱ्या, गार चहात त्याचे काही थेंब टाका. चहा काळा पडेल. (हा चहा पिऊ नये, टाकून द्यावा.)

२. कोळशाच्या खड्यावर पांढरी कपची दिसली तर शिक्षकांच्या देखरेखीखाली तिच्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब टाका. बुडबुडे आले तर ते कॅल्साइट असण्याचा संभव आहे.

विचार करा

१. एका थरात तांबे फक्त वरच्या कडेला जास्त आहे. पाणी बहुधा कुठून आले असेल?

२. लिग्नाइटमधील कॅल्शियम अमोनियम ॲसिटेटने निघते, पण काळ्या कोळशातील बरेचसे निघत नाही. का?

३. राख कमी असलेला कोळसा नेहमीच चांगला असतो का? पाच वाक्यांत लिहा.

पहिल्या सत्रात शाळा उघडली तेव्हा आम्ही त्या विद्यार्थिनीला बोलावून सांगितले की मागच्या वर्षी आम्ही तुला अर्धेच उत्तर दिले होते. ती हसून म्हणाली, "सर, मला वाटलंच होतं. माती मिसळली तर ती मातीच राहील, झाडाला कशी चिकटेल?" मग तो सिंगरौलीचा खडा तिने आणि आम्ही मिळून भिंगाखाली धरला. त्याच्या भेगेत एक पांढरी कपची होती. थेंब टाकताच बुडबुडे आले.

तो खडा आता प्रयोगशाळेच्या काचेच्या कपाटात ठेवला आहे. त्याखालच्या चिठ्ठीवर तिचा प्रश्न लिहिला आहे. उत्तर मुद्दामच लिहिलेले नाही. पुढच्या वर्षीच्या नववीने ते स्वतः शोधावे, आणि आम्ही कुठे चुकलो असलो तर बेधडक सांगावे.